एका पैची चूक



गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ येऊन बसले आणि वाकून नमस्कार करत म्हणाले, "सर, ओळखलंत का?" मी ओळखले नाही. नाव सांगितल्यावर मात्र लगेच आठवला. तिसऱ्या बाकावरचा, खिडकीजवळचा. प्रवरेकाठच्या एका गावातून रोज सायकलवर शाळेत यायचा. त्याला मी विसरलो नव्हतो, कारण त्याने विचारलेला एक प्रश्न माझ्या डोक्यात चाळीस वर्षे रुतून बसला आहे. आज तोच लिहायचा आहे. लेख थोडा लांबेल, मास्तरांची सवय आहे, सांभाळून घ्या.

साल १९८४. मी नेवासे तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि मराठी शिकवत होतो. वर्गात 'युरोपातील प्रबोधन' हा धडा चालू होता. हा धडा मी फार रंगवून शिकवीत असे. पेट्रार्कला १३४५ साली व्हेरोनात सिसेरोची पत्रे कशी सापडली, पोज्जोने १४१७ साली एका मठाच्या ग्रंथालयात ल्युक्रेशियसचे काव्य धुळीतून कसे बाहेर काढले, १४५३ ला कॉन्स्टँटिनोपल पडले आणि ग्रीक पंडित इटलीत कसे आले, मग फ्लॉरेन्स, मेदिची घराणे, लिओनार्दो, मायकेलअँजेलो... फळ्यावर इटलीचा बूट काढायचो. मुलांना बूट फार आवडायचा.

तास संपता संपता हा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तेव्हा आपल्याकडं काय चाललं होतं?"

मी म्हणालो, "आपल्याकडे तेव्हा लढाया चालल्या होत्या. सुलतानांचे राज्य होते. अंधारच होता म्हण ना."

घंटा झाली. मुलगा खाली बसला. मी खडू झटकून स्टाफरूममध्ये गेलो.

आता गंमत पाहा. ज्या गावात मी हे उत्तर दिले तिथून थोड्याच अंतरावर नेवाशाचा तो खांब आहे, ज्याला टेकून ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली असे आपण मानतो. आणि ज्या साली हे उत्तर दिले ते १९८४ साल म्हणजे त्याच ज्ञानेश्वरीच्या बाबतीत घडलेल्या एका मोठ्या घटनेचे चारशेवे वर्ष होते. शाळेत कुणाला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. मराठी घेऊन बी. ए. झालेला मी! परीक्षेत 'एकनाथांचे वाङ्मयीन कार्य' या प्रश्नाला भरपूर गुण मिळाले होते. पण एकनाथ मराठीच्या तासाला आणि प्रबोधन इतिहासाच्या तासाला. दोन तासांच्या मध्ये घंटा असते ना, ती माझ्या डोक्यातही वाजत असे.

निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला, जुनी पुस्तके चाळू लागलो आणि हळूहळू दोन तारखा शेजारी शेजारी आल्या. १५८३ आणि १५८४.

आधी १५८३ बद्दल सांगतो. नगर शहराच्या आग्नेयेला फराहबाग आहे. आमच्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण लेखात निजामशाहीचे शहर म्हणून बोलताना जुने नाव येईल, जिभेची सवय म्हणून घ्या. एका मोठ्या तलावाच्या मधोमध बांधलेला हा महाल. आता तलाव कोरडा आणि महालाचे नुसते खोके उरले आहे. तरी मधल्या दालनात उभे राहून वर पाहिले की उंची जाणवते, आणि भर उन्हाळ्यात आत गारवा लागतो. चारही बाजूंनी पाणी असेल तेव्हा काय असेल! हा महाल १५८३ साली पुरा झाला. गादीवर तेव्हा मूर्तझा निजामशहा होता. हा राजा राज्यकारभार टाकून इथे येऊन बसे आणि दिल्लीहून आलेल्या एका गवयाबरोबर बुद्धिबळ खेळे असे सांगतात. लोक त्याला 'दिवाणा' म्हणत. कारभार पाहणारा होता सलाबतखान. नगरहून पाथर्डीकडे जाताना डोंगरावर जी अष्टकोनी तीन मजली इमारत दिसते, जिला सगळे चांदबीबीचा महाल म्हणतात, ती खरे तर या सलाबतखानाची कबर. चांदबीबीचा तिच्याशी संबंध नाही. मी कितीतरी सहलींत मुलांना हे सांगितले, मुले मान हलवीत आणि परतताना बसमध्ये "चांदबीबीच्या महालावर लई वारं होतं" असेच म्हणत.

तर या दरबारात काय चालले होते? शाळेच्या पुस्तकात लढाया येतात, कारण त्या प्रश्नपत्रिकेत बसतात. पण निजामशाहीची सुरुवात मुळात एका विलक्षण मिसळीतून झाली आहे. १४९० साली स्वतंत्र झालेल्या मलिक अहमदचा बाप मूळचा ब्राह्मण, घराणे पाथरीचे, असे फेरिश्ता लिहितो. याच राजवटीत दलपती नावाच्या अधिकाऱ्याने 'नृसिंहप्रसाद' हा धर्मशास्त्रावरचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला आणि स्वतःला निजामशहाचा मंत्री म्हणवून घेतले. मिथिलेकडचा भानुदत्त, ज्याची 'रसमंजरी' पुढे देशभरच्या चित्रकारांनी रंगवली, तोही याच दरबाराच्या आश्रयाला होता असे अभ्यासक मानतात. १५४९ साली नगरात रूमीखान नावाच्या तुर्की कारागिराने मलिक-ए-मैदान तोफ ओतली, ती आज विजापूरला आहे. १५६७ ची दमडी मशीद ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी जरूर पाहावी. दगडावर इतके बारीक काम आहे की आमच्या चित्रकलेच्या सरांनी ते पाहून चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

आणि चित्रे! दख्खनच्या चित्रकलेतली अगदी सुरुवातीची चित्रे नगरची आहेत. आफताबी नावाच्या कवीने हुसेन निजामशहावर फारसीत 'तारीफ-इ-हुसेनशाही' काव्य रचले, १५६५ च्या आसपास. त्याची सचित्र पोथी पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्या चित्रांत राजाशेजारी राणी बसलेली आहे, खुंजा हुमायून, चांदबीबीची आई. पण बहुतेक चित्रांत राणीची आकृती नंतर कुणीतरी पुसून टाकली आहे. नवऱ्यामागे तिने मुलाच्या नावाने काही वर्षे राज्य चालवले, १५६९ साली मुलानेच तिला बाजूला केले. तो मुलगा म्हणजे आपला बुद्धिबळवाला मूर्तझा. चित्रातून राणीला कुणी पुसले ते पुसणाऱ्याने लिहून ठेवलेले नाही, पण कारण शोधायला फार लांब जायला नको.

फेरिश्ता हा इतिहासकारही नगरचाच म्हणायचा. त्याचा बाप इराणातून आला तो राजपुत्राला फारसी शिकवायला. म्हणजे शिकवणीचे मास्तर! पोरगा राजपुत्राबरोबर शिकला. उर्दू-फारसीवाले ज्याचे नाव आजही आदराने घेतात तो जुहूरी कवी याच दरबारात होता. एका पंचक्रोशीत इतके सगळे. आणि मी वर्गात सांगितले, अंधार होता.

आता १५८४.

त्या वेळी पैठण निजामशाहीतच होते. तिथे एकनाथ महाराज राहत होते, वय पन्नाशीच्या आसपास. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशहाचे अधिकारी. दर गुरुवारी स्वामींच्या पूजेसाठी किल्ल्याचे कामकाज बंद असे, अशी कथा आहे. स्वामींचे गुरू चांद बोधले, त्यांची समाधी देवगिरीच्याच परिसरात दाखवतात. त्याच चांद बोधल्यांचे दुसरे शिष्य म्हणून आमच्या जिल्ह्यातले श्रीगोंद्याचे शेख महंमद ओळखले जातात. मुसलमान घरात जन्मलेले, मराठीत 'योगसंग्राम' लिहिणारे, आणि मालोजीराजे भोसल्यांनी ज्यांना मठ बांधून दिला असे सांगतात ते. म्हणजे दरबारात जशी मिसळ होती तशीच ती पारावरही होती. नाथांनी हिंदू आणि तुर्क यांचा संवाद भारुडात लिहिला तो काही हवेतून नाही. रोज बाजारात ऐकू येत होते तेच लिहिले.

नाथांची लहानपणची एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. गुरूंनी हिशेब तपासायला दिला, एका पैची चूक निघेना. रात्रभर दिवा लावून वह्या चाळल्या. पहाटे चूक सापडली आणि पोराने आनंदाने टाळी वाजवली. गुरू जागे झाले आणि म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढा आनंद, मग संसारात झालेली चूक सापडली तर केवढा होईल! आमची आजी ही गोष्ट चूक लपवली की सांगायची. मीही वर्गात गणिताची वही तपासताना सांगत असे. पण ही गोष्ट पुढे कुठे जाते ते मला फार उशिरा कळले.

ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. एकनाथांच्या काळापर्यंत जवळजवळ तीनशे वर्षे झाली होती. या काळात ग्रंथ छापलेला नव्हता हे लक्षात घ्या. कुणीतरी वाचायचे, कुणीतरी ऐकायचे, कुणीतरी उतरून घ्यायचे. उतरवणारा दमायचा, ओळ गाळायचा. कळला नाही तो जुना शब्द बदलून आपल्या गावचा घालायचा. कीर्तनकाराला एखादी ओवी सुचली की ती समासात, आणि पुढच्या नकलेत समासातली ओवी थेट मजकुरात! नऊ हजारांच्या आसपास ओव्यांचा ग्रंथ, किती ठिकाणी किती फाटा फुटला असेल?

नाथांनी अनेक प्रती जमवल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध पाठ सिद्ध केला. शेवटी त्यांनी चार शब्द लिहिले आहेत. त्यांचा आशय असा की ग्रंथ मुळात शुद्धच होता, तोंडोतोंडी होताना बिघडला, म्हणून ताडून नीट केला. आणि यापुढे कुणी आपली ओवी यात घालू नये.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ ओसरीवर बसून राहिलो. कारण युरोपच्या प्रबोधनाचे मर्म म्हणून मी मुलांना तीस वर्षे नेमके हेच सांगत होतो! जुन्या ग्रंथाकडे परत जायचे, पण डोळे मिटून नाही. हाती आलेली प्रत चुकीची असू शकते अशी शंका घ्यायची, दुसऱ्या प्रती शोधायच्या, ताडून पाहायच्या. इरॅस्मसने १५१६ साली नवा करार ग्रीक प्रतींवरून ताडून छापला म्हणून त्याचे नाव फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहीत असे. पैठणच्या माणसाचे नाव त्याच्या शेजारी लिहायला काय हरकत होती? तोच तो पोरगा. हिशेबाच्या वहीतली पैची चूक शोधणारा डोळा त्याने चाळीस वर्षांनी ज्ञानेश्वरीवर लावला.

आळंदीची अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आणि ज्ञानदेवांनी स्वप्नात येऊन सांगितले, ही कथा मला प्रिय आहे, ती मी नातवंडांना सांगतोच. पण कथेच्या गोडीत कामाचे कष्ट झाकले जाऊ नयेत. स्वप्न एका रात्रीत पडते. प्रती ताडायला महिनोन् महिने बसावे लागते, मान दुखते, डोळे जातात.

आता तुम्ही म्हणाल, सर, मग नगरला फ्लॉरेन्स म्हणा आणि मोकळे व्हा. तसे मात्र म्हणणार नाही. दोन्हीकडची परिस्थिती सारखी नव्हती. सगळ्यात मोठा फरक छापखान्याचा. गोव्यात १५५६ सालीच छापखाना आला होता. तिथे फादर स्टीफन्सने मराठी ओवीत लिहिलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, तेही रोमन लिपीत. पण तो छापखाना घाट चढून वर आला नाही. इरॅस्मसचा पाठ छापून शेकडो प्रतींनी सगळीकडे एकसारखा गेला. नाथांचा शुद्ध पाठ पुन्हा हातानेच उतरवला गेला, म्हणजे पुन्हा दमलेला लेखक, पुन्हा गाळलेली ओळ. नाथांच्या हातची मूळ प्रतही आज आपल्याकडे नाही. वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली एक जुनी पोथी छापली आणि ती नाथांच्याही आधीची आहे असे म्हटले, त्यावर केवढा वाद झाला! म्हणजे पैची चूक शोधणे अजून संपलेलेच नाही. याच राजवाड्यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ काढण्यात पुढाकार घेतला, आणि त्याच मंडळात आज ती राणी पुसलेली निजामशाही पोथी आहे. १५८३ आणि १५८४ असे तीनशे वर्षांनी एका माणसापाशी येऊन भेटले म्हणायचे.

दुसरा प्रश्न मला जास्त छळतो. दरबारातले ते सगळे वैभव गेले कुठे?

ते किती झटपट गेले पाहा. १५८८ साली मूर्तझाला त्याच्याच मुलाने मारले. पुढच्या वर्षी मुलगाही मारला गेला. दख्खनी आणि परदेशी सरदारांच्या वैरात नगरात कत्तल झाली, परदेशी दिसला की मारला. फेरिश्ता १५८९ साली जीव वाचवून विजापूरला गेला आणि आपला प्रसिद्ध इतिहास त्याने तिथे बसून लिहिला. पुढे जुहूरीही विजापूरचाच झाला. १६०० साली किल्ला मोगलांनी घेतला, चांदबीबी त्याआधी आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली. फराहबाग पुरी झाल्यापासून सतरा वर्षांत सगळा खेळ आटोपला. आमच्या एका नोकरीत दोन वेळा बसेल एवढा हा काळ!

एकनाथ १५९९ साली गेले. त्यांची ज्ञानेश्वरी मात्र गेली नाही. मोगल आले, मराठे आले, इंग्रज आले, दुष्काळ आले, पारायणे चालूच. कारण ती एका राजाच्या तिजोरीवर उभी नव्हती. ती हजार घरांत होती, फडक्यात बांधून, देवाजवळ. राजा आश्रय देतो तेव्हा तलावाच्या मध्ये महाल उभा राहतो, आणि राजा गेला की कालव्याचे पाणी कोण सोडणार? लोकांच्या तोंडी बसलेल्या विद्येला कालवा लागत नाही. तरी दरबाराला मी कमी लेखत नाही. चित्रे, इमारती, इतिहासग्रंथ पारावर तयार होत नाहीत. त्याला पैसा आणि निवांतपणा लागतो. दोन्ही हवे. आपल्याकडे दोन्ही एकाच वेळी होते, दोन दिवसांच्या वाटेवर होते. पैठणचा ओवीकार आणि नगरचा चित्रकार एकमेकांना भेटले असते तर काय झाले असते, असे मनात येते. पण हा झाला म्हाताऱ्याचा खेळ.

आणि हजार घरांत असलेली विद्या सुरक्षित असते, हे वाक्य लिहिताना माझा हात अडखळला. कारण त्या हजार घरांतले एक घर आमचे होते.

हे आमच्या घरातल्या थोरांना माहीत आहे, धाकट्यांना नसेल, म्हणून लिहून ठेवतो. आमच्या आजोबांकडे हाताने लिहिलेली ज्ञानेश्वरी होती. त्यांच्याही आजोबांच्या वेळची असावी. सुटी लांब पाने, वर-खाली लाकडी फळ्या, लाल फडके. काही ठिकाणी अक्षरांवर पिवळा हरताळ लावून वर दुरुस्ती केलेली. 'हरताळ फासणे' हा शब्दप्रयोग आपण सर्रास वापरतो, पण तो खराखुरा पिवळा हरताळ मी पाहिला तो त्या पोथीत. समासात बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेले होते. आजोबा कधीकधी छापील प्रत शेजारी ठेवून पाहत आणि स्वतःशीच म्हणत, "इथं निराळं आहे."

आजोबा गेले १९७२ च्या दुष्काळात. घर विकायचे ठरले, सामान आवरायला काढले. पोथीला वाळवी लागली होती. घरात ठेवली तर सोवळे-ओवळे कोण पाळणार, म्हणून थोरल्यांनी ठरवले की पहिला पाऊस झाला की गंगेत सोडू. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. मी नुकताच बी. ए. झालो होतो, मराठीचा पदवीधर. मीच ते लाल फडके सायकलच्या कॅरियरला बांधून प्रवरासंगमावर नेले आणि पाण्यात सोडले. हात जोडले. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला त्यात काही वावगे वाटलेही नाही. पाने थोडा वेळ तरंगली, मग पसरली. पिवळे ठिपके पाण्यातही दिसत होते.

'इथं निराळं आहे' म्हणजे काय निराळे होते? आजोबांना कुठला पाठ दिसत होता? कदाचित काहीच विशेष नसेल, लेखकाची साधी चूक असेल. पण ती पैची चूक आता कोणी शोधू शकणार नाही. १९८४ साली वर्गात "आपल्याकडे अंधार होता" म्हणणारा मास्तर आणि १९७३ च्या पावसाळ्यात पोथी सोडणारा पोरगा एकच. दिवा मीच पाण्यात सोडला आणि मग अंधार आहे म्हणालो.

तर लग्नातल्या पंगतीकडे परत येतो. जिलबी वाढून झाल्यावर मी त्याला म्हणालो, "अरे, तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी चुकीचे उत्तर दिले होते." तो म्हणाला, "सर, मी? मला तर काही आठवत नाही." खरोखर आठवत नव्हते. चाळीस वर्षे मीच ते ओझे वाहत होतो आणि मालक विसरून गेला होता! तरीही मी त्याला सगळे सांगितले. फराहबाग, पैठण, हरताळ, सगळे. लोक उठले, पत्रावळी उचलल्या, आम्ही बसलेलोच. शेवटी माझी पोथीही सांगितली.

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "सर, आईच्या पेटीत एक पोथी हाये. लाल कपड्यात. आई गेली आता. चातुर्मासात गंगेला सोडू म्हणत होतो."

मी म्हणालो, "थांब. मला येऊ दे."

पुढच्या रविवारी गेलो. ज्ञानेश्वरी नव्हती. श्रीधराच्या पांडवप्रतापाची नक्कल होती, ती पण अपुरी, शेवटची पाने गेलेली. असल्या पोथ्या जिल्ह्यात खूप असतील. कुठल्या संशोधकाने तिच्यासाठी धावत यावे असे काही नाही. पण तीन-चार ठिकाणी पिवळा हरताळ होता. मी बोट लावले नाही. त्याच्या मुलीने मोबाइलवर एकेक पानाचा फोटो काढला. मी पाने उलटत होतो, ती नंबर घालत होती. दुपारी तिने अचानक विचारले, "आजोबा, ही ओळ छापील पुस्तकात पण अशीच आहे का?"

मला उत्तर माहीत नव्हते. या वेळी मी तसे सांगितले. छापील पांडवप्रताप शोधून आणायचे ठरले आहे. मग आम्ही ताडून पाहू.

मंडळी, आणि विशेषतः आमच्या कुळातली मंडळी, एवढेच सांगायचे आहे. घरात पेटीत, माळ्यावर, देवघराच्या खाली असे काही फडके असेल तर सोडून देण्याआधी उघडून पाहा. वाचता आले नाही तरी चालेल. तेल, हळद-कुंकू लावू नका, ऊन दाखवू नका, पानांचे फोटो काढा आणि कुणा जाणत्याला दाखवा. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात दाखवा, पुण्याला मंडळात दाखवा. पोथी किरकोळ निघाली तर घरच्या पोरांना चार जुनी अक्षरे तरी कळतील.

आणि कुणी पोराने विचारले की तेव्हा आपल्याकडे काय चालले होते, तर घंटा व्हायच्या आत उत्तर देण्याची घाई करू नका.